घेतलेली नावं

स्पर्धा परीक्षेचं मराठीचं कुठलंही मार्गदर्शक उघडा. वाक्प्रचार, म्हणी, समूहदर्शक शब्द संपले की एक तक्ता येतो. डावीकडे टोपणनाव, उजवीकडे खरे नाव. केशवसुत: कृष्णाजी केशव दामले. बी: नारायण मुरलीधर गुप्ते. अनिल: आत्माराम रावजी देशपांडे. पोरं तो घोकतात, एक मार्क खिशात टाकतात आणि पुढे विरुद्धार्थी शब्दांकडे वळतात. त्यांची काही चूक नाही. मला खटकतं ते उजव्या रकान्याचं डोकं. तिथे 'खरे नाव' लिहिलेलं असतं, म्हणजे डावीकडचं खोटं ठरलं की काय?

कुसुमाग्रजांचंच बघा. तक्त्यात त्यांच्यापुढे विष्णू वामन शिरवाडकर असं असतं. पण जन्मले तेव्हा ते गजानन रंगनाथ होते. पुढे काकांना दत्तक गेले, त्यात त्यांचंही नाव बदललं आणि बापाचंही. म्हणजे एक नाव आईवडिलांनी ठेवलं, दुसरं दत्तकविधानानं दिलं. ही दोन्ही त्यांना कुणी विचारून दिली नसणार. तिसरं तेवढं त्यांनी स्वतः घेतलं, धाकट्या बहिणीच्या नावावरून. तीनांतलं सगळ्यात खरं कुठलं, हे कुणी मला परीक्षेत विचारलं असतं तर मी उजव्या रकान्याकडे पाहिलंही नसतं.

टोपणनाव म्हणजे लपण्याची सोय, ही समजूत मात्र पक्की आहे. कुणी दुसऱ्या नावानं लिहितो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच 'का बरं?' उमटतं. पण ज्याला खरोखर लपायचं असतं तो वेगळ्या प्रकारचं नाव घेतो. 1941 च्या जानेवारीत सुभाषबाबू कोलकात्यातल्या घराच्या नजरकैदेतून निसटले ते मुहम्मद झियाउद्दीन नावाचे विमा कंपनीचे माणूस म्हणून. काबूलहून पुढे युरोपात गेले ते ऑर्लांडो माझोट्टा या नावाच्या इटालियन पासपोर्टावर. झियाउद्दीन या नावात लक्षात राहण्यासारखं काही नाही, आणि तेच त्याचं काम होतं. चौकीवरच्या शिपायानं ते ऐकावं आणि पुढच्या मिनिटाला विसरून जावं.

महाभारतकारांना हे नेमकं ठाऊक होतं. अज्ञातवासात धर्मराज कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल आणि द्रौपदी सैरंध्री. राजाचा सोबती, आचारी, नाचाचा मास्तर, घोड्यांचा आणि गुरांचा राखणदार, राणीची दासी. नोकरचाकरांच्या गर्दीत कोण लक्ष देणार! इथपर्यंतची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते. पण विराटपर्वात एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. नगरात शिरताना युधिष्ठिरानं पाचही भावांना आणखी एकेक गुप्त नाव दिलं: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. ही नावं फक्त आपापसात हाक मारायला. म्हणजे जन्माचं नाव झाकायला एक नाव आणि त्या झाकणाखाली पुन्हा एकमेकांना ओळखायला दुसरं. मला तो प्रसंग फार खरा वाटतो. वर्षभर सगळ्यांच्या तोंडून 'अरे बल्लवा' ऐकत राहायचं, तर निदान भावाच्या तोंडी तरी वेगळं काही हवं. आणि ती गुप्त नावं पाहिलीत का? सगळ्यांत जय. वर आचारी आणि आत विजयाची वाट पाहणारा.

लेखकाचं घेतलेलं नाव या आतल्या नावाच्या जातीचं असतं. ते लक्षात राहावं म्हणूनच घेतलेलं असतं. गोपाळ हरि देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते आणि 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहीत होते, ज्यांना पुढे शतपत्रे म्हणायला लागले. प्रत्यक्षात ती 108 आहेत. खाली सही 'लोकहितवादी'. निव्वळ झाकायचंच असतं तर 'एक वाचक' पुरलं असतं. स्वतःच्या समाजाला, त्यातही स्वतःच्या जातीला इतके कडक शब्द सुनवायचे, तर सुनावणारा कोणत्या बाजूनं बोलतो आहे हे सहीतच सांगितलेलं बरं, असा त्यामागचा हिशेब मला दिसतो. ती सही म्हणजे पत्राचं शेवटचं वाक्य आहे.

आता एक गंमत. माणसाला हवं ते नाव घ्यायची मुभा मिळाली तर तो काय घेईल? आकाश, वारा, वीज, वाघ, काहीही. आपल्या कवींनी काय घेतलं? केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. माधवानुज म्हणजे माधवाचा धाकटा. केशवकुमार, म्हणजे आपले आचार्य अत्रे, पुन्हा केशवाचाच मुलगा. प्रल्हाद केशव अत्रे. आणि कुसुमाग्रज. 'तुतारी' फुंकून जुनं जाळा-पुरा म्हणणारा कवी सही करताना वडिलांचं बोट धरून उभा राहतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं आणि थोडं हसूही येतं. एकाच्या मागे दुसऱ्यानं गिरवलेली ती पद्धत होती, हे खरं. गडकऱ्यांनी गोविंदाग्रज घेतलं त्यात केशवसुतांचा वळसा आहेच, कुसुमाग्रजात गोविंदाग्रजांचा आहे. पण पद्धत रुजते ती जमिनीत ओल असली तर. नातं काढून टाकून उरलेला एकटा माणूस आपल्याकडे नावातसुद्धा फारसा कुणाला सुचत नव्हता.

ही ओल जुनी आहे. संतांच्या नाममुद्रा घ्या. जनाबाई स्वतःला 'नामयाची जनी' म्हणते. सोयराबाईंच्या अभंगात 'चोखियाची महारी' येते. नवऱ्याचं नाव आणि जात, आणि या दोहोंमध्ये बाई. एकनाथ 'एका जनार्दनी' म्हणतात तेव्हा स्वतःचं नाव गुरूच्या नावापासून सुटं काढताच येत नाही, अशी जोडणी आहे. समर्थांचं ठोसरांच्या घरातलं नाव नारायण. घेतलेलं नाव रामदास. इथेही कुणाचा तरी दासच.

नाममुद्रेचं काम पुस्तकावरच्या नावापेक्षा वेगळं होतं, हे आपण विसरतो. मुखपृष्ठ नाही, छापखाना नाही. अभंग तोंडातोंडी जाणार. तर कर्त्याचं नाव अभंगाच्या पोटातच शिवून टाकायचं, म्हणजे गाणारा कुठेही गेला तरी ते सुटायचं नाही. पण या सोयीला एक दार उघडंच राहिलं. ज्याला वाटलं त्यानं अभंग केला आणि शेवटी 'तुका म्हणे' जोडून दिलं. याला आज आपण काय म्हणू? सगळ्या टोपणनावांच्या उलटा व्यवहार आहे हा. स्वतःचं नाव झाकायला कल्पित नाव न घेता सरळ तुकोबांचं नाव घेतलं. कुणाला त्यात आपल्या ओळीला वजन आणायचं असेल. कुणाला आपलं नाव लावायची लाजही वाटली असेल. नामदेवांच्या बाबतीत तर आणखी घोळ. पुढच्या काळात विष्णुदास नामा नावाचा कवी झाला, त्याचीही मुद्रा नामाच. गाथेतलं कुठलं कुणाचं, हे निवडण्यात अभ्यासकांची आयुष्यं गेली. ज्यांनी स्वतःला असं पुसून टाकलं त्यांच्याबद्दल मला, का कोण जाणे, कौतुकच वाटतं. त्यांची एखादी ओळ आज वारीत गायली जात असेल आणि त्यांचं नाव सांगणारा पृथ्वीवर कुणी नाही.

नात्याच्या नावांबरोबर आणखी एक गोष्ट घडली, ती ठरवून घडली की आपसूक, सांगता येत नाही. आडनाव गळालं. मराठी माणसाला आडनाव सांगितलं की तो मनातल्या मनात दोन-तीन पायऱ्या उतरतो: कुठले, कुणातले, आमच्यातले की त्यांच्यातले. आणि कळलं नाही तर सरळ विचारतो. यशवंत, गिरीश, अनिल, बी, ग्रेस या नावांना तो प्रश्नच विचारता येत नाही. माणिक गोडघाटे यांनी ग्रेस हे नाव घेतलं ते इन्ग्रिड बर्गमनच्या एका इंग्रजी चित्रपटातल्या शब्दावरून. ते ऐकल्यावर कवी बाई की बाप्या, हिंदू की ख्रिस्ती, गाव कुठलं, काहीच हाती लागत नाही. थेट कवितेलाच भिडावं लागतं. त्यांच्या कवितेला भिडणं सोपं नाही हा भाग वेगळा.

एकच माणूस वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी नावं वापरतो, तो प्रकार मला सगळ्यांत जास्त आवडतो. नाटकं राम गणेश गडकऱ्यांची, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोदी लेख बाळकरामांचे. 1919 मध्ये गेले तेव्हा वय 33. एवढ्या छोट्या आयुष्यात तीन लेखक. 'विशाखा' कुसुमाग्रजांची, 'नटसम्राट' शिरवाडकरांचं. 'छंदोरचना' लिहिणारे काटेकोर पंडित माधवराव पटवर्धन, आणि प्रेमकविता, गझला लिहिणारे माधव ज्यूलियन. चिं. त्र्यं. खानोलकर कादंबऱ्या-नाटकं लिहायचे आणि कवितेच्या वेळी आरती प्रभू व्हायचे. यात कुणीही लपलेलं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मग दोन नावं कशाला?

माझं उत्तर असं की ती वाचकासाठी असतात. कुठल्या कानानं ऐकायचं, याची ती सूचना असते. बाळकराम हे नाव वाचलं की ओठांचे कोपरे आधीच सैल होतात. त्याच लेखाखाली गडकऱ्यांचं नाव असतं तर पहिलं पान आपण भारदस्तपणेच वाचलं असतं. जयवंत दळवींनी 'ललित' मासिकात 'घटका गेली, पळे गेली' हे सदर लिहिलं ते ठणठणपाळ या नावानं. साहित्यिकांच्या टोप्या उडवायच्या होत्या आणि दळवी स्वतः त्याच गोतावळ्यातले. दळवींनी चिमटा काढला असता तर भांडण झालं असतं, ठणठणपाळानं काढला तर ज्याला बसला तोही हसायचा, निदान चारचौघांत. वसंत सरवट्यांनी या ठणठणपाळाला रेषांतून चेहराही दिला. नाव खोटं, माणूस खोटा, आणि त्याचं चित्र मात्र दरमहा लोकांना ओळखीचं.

या वाटेवर सगळ्यात लांब गेला तो पोर्तुगालचा फर्नांडो पेसोआ. त्यानं नुसती नावं घेतली नाहीत, माणसं उभी केली. आल्बेर्तो कायरो हा मेंढपाळासारखा विचार करणारा, फारसं न शिकलेला, क्षयानं अकाली गेलेला कवी. रिकार्दो रेइस डॉक्टर, अभिजात वळणाचा. आल्वारो दे कांपोश ग्लासगोत शिकलेला इंजिनियर, भडक डोक्याचा. पेसोआनं त्यांच्या कुंडल्यासुद्धा मांडल्या. ते एकमेकांवर लिहीत, एकमेकांशी वाद घालत. 1935 मध्ये पेसोआ गेला तेव्हा त्याच्या पेटाऱ्यात 25,000 च्या वर कागद निघाले आणि अशी डझनावारी माणसं. तुलना करायचा मोह होतो, पण गडकऱ्यांची तीन नावं गडकऱ्यांचीच राहतात. पेसोआच्या बाबतीत मात्र मधला तो कारकून, ज्याच्या नावावर हे सगळं जमा आहे, तोच सगळ्यांत पुसट वाटतो.

बायकांकडे वळलं की सूर बदलतो. ब्राँटे बहिणींनी 1846 मध्ये कवितांचं पुस्तक काढलं ते करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी. आद्याक्षरं स्वतःची ठेवली, शार्लट आणि करर यांचं इंग्रजी लिपीतलं पहिलं अक्षर एकच, आणि नावं अशी निवडली की ठामपणे पुरुषाचीही म्हणता येऊ नयेत. खोटं बोलल्याचं पाप नको, एवढाच संकोच. पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या.

आपल्याकडे 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या बायकांच्या मनात काय चालतं, कुढत काय बसतात, त्यांच्या पगारावर घर कसं अवलंबून असतं आणि म्हणून त्यांचं लग्न कसं लांबतं, हे त्यात होतं. लेखिका विभावरी शिरूरकर. पुण्या-मुंबईत गदारोळ उठला. पुस्तकात काय लिहिलंय याच्याइतकीच ही बाई कोण याची चर्चा. ती होती बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेत शिकवणारी. नाव फुटलं असतं तर तिच्या शाळेत, तिच्या मुलींच्या पालकांत काय झालं असतं, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. इथे नाव ढालच होतं, मान्य.

पण पुढे बघा. विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि बाळूताई खरे मालती बेडेकर झाल्या. पहिलं नावही बदललं आणि आडनावही. त्या काळी हे इतकं सर्रास होतं की कुणी त्याला नाव बदलणं म्हणतही नसे. मग तक्त्यात काय येतं? विभावरी शिरूरकर: खरे नाव मालती बेडेकर. मला इथे उजवा रकाना फाडून टाकावासा वाटतो. बाळूताई घरच्यांनी ठेवलं, मालती लग्नानं आलं. तिघींतली एकटी विभावरी तिची स्वतःची. आणि लपायची गरज संपली, सगळ्यांना माहीत झालं, तरी तिनं ते नाव टाकलं नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करताना पाहिलेल्या माणसांवर 1950 मध्ये 'बळी' लिहिली ती विभावरी शिरूरकर याच नावानं. पुढे वडिलांवर लिहिलं, त्याचं नाव 'खरेमास्तर'. म्हणजे पुस्तकाच्या नावात माहेरचं आडनाव आणि त्याखाली लेखिका शिरूरकर. बाप आणि लेक एकाच मुखपृष्ठावर, आणि परक्या आडनावांचे.

माझा या प्रांताशी संबंध अगदी किरकोळ आहे. नोकरीत असताना एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी दुसऱ्या नावानं सदर लिहायला लागले. ऑफिसातल्या माणसांवर लिहायचं होतं आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तोच पेपर वाचायचे. नाव इथे सांगत नाही, कारण ते अजून चालू आहे. दोन आद्याक्षरं आणि एक आडनाव. आडनावही असं शोधलं की कुठल्याही समाजात सापडावं. आद्याक्षरं घेताना माझ्या डोक्यात काही नव्हतं, सुटसुटीत वाटलं एवढंच. वाचकांची पत्रं यायला लागली तेव्हा कळलं की जी. ए., पु. ल., व. पु. यांच्या भाषेत दोन आद्याक्षरं म्हणजे पुरुषच. 'महोदय' शिवाय पत्र सुरू व्हायचं नाही. एका वाचकानं लिहिलं होतं: आपण पुरुष असून डबा खातानाचं बायकांचं बोलणं इतकं हुबेहूब कसं टिपता? हे कौतुक माझ्या वाट्याला बाई म्हणून कधीच आलं नसतं. बाईनं बायकांचं बोलणं टिपलं तर त्यात कसली आलीय कामगिरी!

एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी माझाच लेख मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात एक पात्र होतं: सगळ्यांकडून पेन मागून नेणारा, टोपण परत देणारा आणि पेन विसरणारा. वाचता वाचता हे इतके हसले की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "हा माणूस मी ओळखला. हा अकाउंट्समधला." त्यांच्या खिशात तेव्हा माझं पेन होतं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मीही डब्यात बघत राहिले. लेखकाला आपला लेख दुसऱ्याच्या तोंडून, त्याच्या चुकीच्या जागच्या थांब्यांसकट, असा ऐकायला मिळणं फार दुर्मिळ. नाव छापलं असतं तर मी समोर असताना तो कुणी वाचलाच नसता, आणि वाचला असता तर हसण्यात माझ्याकडे बघणं आलं असतं.

आणि मग आला मानधनाचा चेक, त्या आद्याक्षरांच्या नावे. क्रॉस केलेला, म्हणजे खात्यावरच जमा होणार, आणि या नावाचं खातं तर जगात कुठेच नाही. बँकेतल्या बाईंनी चेक उलटसुलट केला आणि विचारलं, "हे कोण? मिस्टर का तुमचे?" मी हो म्हटलं असतं तरी पैसे मिळाले नसतेच, पण क्षणभर ते उत्तर फार सोयीचं वाटलं. सगळ्यांना पटलं असतं. शेवटी चेक परत पाठवला. तिकडे लेखाविभागातल्या मुलाला माझं दुसरं नावच ठाऊक नव्हतं, त्यामुळे संपादकांना त्याला बाजूला घेऊन सांगावं लागलं. जे ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं ते असं पैशाच्या रस्त्यानं पहिल्यांदा बाहेर पडलं.

कायदाही हा प्रश्न शेवटी हिशेबानंच सोडवतो. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. टोपणनावानं छापलेल्या पुस्तकाचा लेखक कोण हेच माहीत नसेल तर तो मेला कधी हे कसं कळणार? म्हणून तिथे प्रकाशनापासून 60 वर्षं धरतात. आणि ती मुदत संपण्याआधी लेखक कोण हे उघड झालं, तर पुन्हा मृत्यूनंतरची 60. म्हणजे टोपणनावाला मरण नसतं असं कायदाच मानतो, आणि त्याची शिक्षा म्हणून वारसांची काही वर्षं कापतो. शिवाय तरुणपणी लिहून पुढे 50 वर्षं जगलेल्यानं गुपित पाळलं तर नुकसान मोठं. हा मुद्दा एकाही कवीच्या चरित्रात मी वाचलेला नाही. बहुतेक कवितेवरून वारसांची भांडणं होण्याइतके पैसेच येत नसावेत.

सगळ्याच नावांना मालक भेटतो असंही नाही. काही नावं अंगावर येतात आणि बसतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे 16-17 वर्षांचा मुलगा होता तेव्हा, 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यानं कविता म्हटली आणि तिथे त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. गौरव म्हणून ठीक. पण तेच नाव झालं. नंतर त्यानं उदासीच्या, पारव्याच्या, मरणाच्या छायेतल्या कविता लिहिल्या. त्या वाचताना माथ्यावर ते 'बाल' असतंच. 1918 मध्ये रेल्वेच्या अपघातात गेला, तेव्हा 28 वर्षंही पुरी नव्हती. जगला असता तर साठीतला बालकवी कसा वाटला असता? मला वाटतं त्यानं ते कधीतरी झटकलं असतं.

आणि काहींना दोन नावांमधली भिंत पाडायची नसते, तिच्यावर बसून दोन्हीकडे बघायचं असतं. 1978 मध्ये 'बलुतं' आलं. लेखक दया पवार. पण आयुष्य सांगतो तो दगडू मारुती पवार, आणि दया पवार ते ऐकतो. दगडू हे घरात मिळालेलं नाव, त्या काळच्या महारवाड्यात पोरांना ठेवली जायची त्या तऱ्हेचं: कचरू, धोंड्या, दगडू. दया हे पांढरपेशा जगात वावरणारं, कवी म्हणून छापलं जाणारं. वरवर वाटतं की एकाला टाकून दुसरा झाला. पुस्तकात मात्र दोघं समोरासमोर बसलेत, आणि दयाला जे आठवायचं नाही ते दगडूकडे सगळं जपलेलं आहे. इथे 'खरे नाव' कुठल्या रकान्यात लिहायचं ते तक्तेवाल्यांनी सांगावं. दगडू लिहिलं तर गावानं ज्या हिशेबानं ते ठेवलं त्यावर सही केल्यासारखं होतं. दया लिहिलं तर दगडूनं सांगितलेलं सगळं पुन्हा अनामिक होतं.

घेतलेल्या नावाचा सापळाही असतो, तो रोमँ गारीला ठाऊक. फ्रान्समधलं गॉंकूर पारितोषिक एका लेखकाला एकदाच देतात. गारीला ते 1956 मध्ये मिळालं होतं. पुढे समीक्षकांनी त्याच्यावर संपलेला लेखक म्हणून शिक्का मारत आणला, तेव्हा त्यानं एमिल अजार या नावानं लिहायला घेतलं आणि 1975 चं गॉंकूर अजारला जाहीर झालं. आता अजारला चेहरा हवा, म्हणून नात्यातल्या एकाला त्याच्या जागी उभं केलं. तो मुलाखती द्यायला लागला, त्याचं स्वतःचं मत व्हायला लागलं. अजारचं कौतुक करणाऱ्यांच्या गर्दीत गारी कोपऱ्यात. 1980 मध्ये त्यानं आयुष्य संपवलं आणि खुलासा पुढच्या वर्षी छापून आला. गारी हेही घेतलेलंच नाव होतं, हे त्यात कुणाला फारसं आठवलं नाही.

माझ्यावर असली वेळ यायचं कारण नव्हतं. तरी निवृत्त झाल्यावर संपादक म्हणाले, आता ऑफिस सुटलं, आता कुणाची भीती, आता तुमच्या नावानं लिहा. मलाही वाटलं, बघू. त्याच जागी, त्याच लांबीचा, तसाच लेख माझ्या पूर्ण नावानं छापून आला. आठवड्याभरात एक पत्र आलं. अक्षर ओळखीचं होतं, डब्यातल्या बोलण्याचं कौतुक करणाऱ्या वाचकाचंच. लिहिलं होतं, नव्या लेखिकाबाईंचा प्रयत्न बरा आहे, पण पूर्वी या जागी जे गृहस्थ लिहीत त्यांची सर नाही. त्यांची तब्येत बरी आहे ना, ते कळवावं.

संपादकांनी ते पत्र माझ्याकडे पाठवलं आणि पुढच्या रविवारसाठी जुन्या नावानं लेख मागितला. वाचकाला त्यांनी उत्तर दिलं की तब्येत ठीक आहे, मध्यंतरी गावाला गेले होते. मानधन आता थेट खात्यावर जमा होतं, माझ्या नावे.